ठळक छापलेला आकडा

माझ्या फाइलवर ‘हाशिमोटो थायरॉइडायटिस’ लिहिलं गेलं त्याला बरीच वर्षं झाली. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उठते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते, असा हा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकानं १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथींचा अभ्यास करून तो प्रथम मांडला. कोथरूडमध्ये आमच्या सकाळच्या फिरण्यात हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. कुणाचा टीएसएच किती आला, कुणाची गोळी पंचवीसची की पन्नासची, यावर चर्चा रंगते. त्यातलं जे डॉक्टरांना विचारून पक्कं करून घेतलं, तेवढंच इथे लिहिते.

१. टीएसएच उलटा वाचायचा.

हे संप्रेरक थायरॉइड बनवत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी बनवते. बांधकामावरच्या मुकादमासारखं तिचं काम: खाली काम रेंगाळलं की वरून ओरड वाढते. म्हणून “माझा थायरॉइड वाढलाय हो” असं सांगणाऱ्या बहुतेकींचा खरं तर कमी पडत असतो. वाढलेली असते ती ओरड.

ही ओरड प्रमाणातही वाढत नाही. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, म्हणजे रक्तातला फ्री टी-फोर, निम्म्यावर आला, तर टीएसएच शंभर पटीपर्यंत चढू शकतो. त्यामुळे ४.२ चा ५.१ झाला म्हणून आजार बळावला, असा हिशेब चालत नाही. ग्रंथीचं काम तसूभरही न बदलता एकाच माणसाचा टीएसएच चाळीसएक टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. रात्री आणि पहाटे तो चढलेला असतो, दुपारी उतरतो. लॅबचं यंत्र मात्र मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा सारख्याच ठळक अक्षरात छापतं. ४.६ लाही तेच आणि ४६ लाही तेच.

टीएसएच थोडा वर आणि फ्री टी-फोर मर्यादेत, ही अवस्था फार जणींची असते. टीएसएच दहाच्या वर टिकून राहिला तर डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. त्याच्या खाली असेल तर वय, लक्षणं, गरोदरपण, अँटीबॉडी असं सगळं बघून ठरवतात. शेजारणीची गोळी सुरू झाली आणि आपली नाही, याचा अर्थ आपले डॉक्टर हयगय करताहेत असा होत नाही.

२. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुरे.

थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणारी ही तपासणी आजाराचं कारण सांगते, त्याचा जोर नाही. ६०० च्या ४०० झाल्या म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ९०० झाल्या म्हणून रडायचं नाही. गोळीचा डोस अँटीबॉडीच्या आकड्यावर ठरतच नाही, तर दर वेळी त्यासाठी पैसे का मोजायचे? पॅकेजमध्ये आहे म्हणून? पॅकेजमध्ये पुष्कळ काही असतं.

मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांमधल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉइड कमी पडलेले सुमारे ११ टक्के निघाले, पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेले जवळपास २२ टक्के. म्हणजे अँटीबॉडी घेऊन फिरणाऱ्या कितीतरी जणांची ग्रंथी आज नीट काम करते आहे. त्यातल्या काहींची पुढे दमेल. इंग्लंडमधल्या व्हिकम इथे वीस वर्षं लोकांचा मागोवा घेतला गेला. तिथे अँटीबॉडीही आहेत आणि टीएसएचही चढलेला आहे अशा बायकांपैकी दर वर्षी शंभरात चारेक जणींचा थायरॉइड पुरता कमी पडला. नुसत्या अँटीबॉडी असलेल्यांपैकी दोघींचा. घाबरायचं कारण नाही, वर्षातून एकदा टीएसएच बघायचं कारण आहे.

३. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबायचं.

गोळीतला टी-फोर शरीरात निम्मा व्हायलाच आठवडा लागतो. त्याची पातळी स्थिरावायची, मग पियूषिकेनं ती मानायची, यात दीड-दोन महिने जातात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते आणि त्यावरून पुन्हा डोस बदलला की घोळ सुरू.

हेच उलट बाजूनंही लागू आहे. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधी चार दिवस नेमानं घेतल्या, तर फ्री टी-फोर छान येतो, टीएसएच मात्र चढलेलाच राहतो. अनुभवी डॉक्टर तो रिपोर्ट बघून नुसतं हसतात.

४. रक्त द्यायच्या सकाळी.

गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-फोर चढलेला दिसतो. नुसत्या थायरॉइडसाठी उपाशी राहायची सक्ती नाही. साखरही बघायची असेल तर गोष्ट वेगळी. दर वेळी साधारण तीच वेळ आणि शक्यतो तीच लॅब ठेवावी, कारण यंत्र बदललं की मर्यादाही बदलतात.

आणि केसांच्या गोळ्या! त्यात बायोटिन भरपूर असतं. काही यंत्रांच्या रासायनिक पद्धतीत ते लुडबुड करतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त येतो. थायरॉइडनं केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचं आणि बायोटिननं थायरॉइडचा रिपोर्ट बिघडवायचा, असा हा खेळ. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं, आणि डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारावं.

५. कोबी खा.

थायरॉइडला कोबी चालत नाही असं म्हणतात, पण शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरनं कुणाचा टीएसएच चढत नाही. चढतो तो गोळीवर लगेच चहा घेतल्यानं, किंवा तिच्याबरोबरच कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी गिळल्यानं. चहाला अर्धा-पाऊण तास अंतर, कॅल्शियम-लोहाला चार तास.

६. टीएसएच २.१ आणि तरीही गळून गेल्यासारखं वाटतं, तेव्हा डोस वाढवून मागू नये.

जास्त गोळीनं छाती धडधडते, वय झालेल्यांची हाडं ठिसूळ होतात. पुण्यात तर आधी दुसरीकडे बघावं. इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. हा अभ्यास २००६ सालचा, आणि शहरी मध्यमवर्गाची स्थिती त्यात सगळ्यांत वाईट होती. म्हणजे आम्हीच! शिवाय हाशिमोटोवाल्यांना जठरातल्या बिघाडामुळे बी-१२ शोषलं न जाण्याचा दुसरा स्वयंप्रतिकार आजार जडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा या सगळ्याचा आळ थायरॉइडवर घेता येतो. बी-१२, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एकदा बघून घ्यावं, मग बोलावं.

७. घरातल्या मुलींना सांगून ठेवावं.

हा आजार घराण्यात फिरतो. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा बहिणीला मी स्पष्ट सांगितलं, “ताई, मूल हवं असं ठरवतील तेव्हा आधी हिचा टीएसएच करून घे.” पहिले काही महिने बाळाला लागणारा टी-फोर आईकडूनच जातो, म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या बहुतेकींचा डोस गरोदरपणात लवकरच वाढवावा लागतो. तिथे नेहमीची मर्यादा धरायची नाही. सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टर टीएसएच साधारण अडीचच्या खाली ठेवू बघतात आणि दर महिन्याला तपासतात. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायचा. बाळंतपणाच्या नोंदणीच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही.