पालकसंत आणि चर्चचे नाव : संत गोन्सालो गार्सिया

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ‘पालकसंत’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• चर्चच्या नावातून समाजाची ओळख कशी व्यक्त होते, हे सोदाहरण सांगता येईल.

१. प्रस्तावना

कॅथलिक परंपरेत चर्च बहुधा एखाद्या संताच्या, पवित्र मरियेच्या किंवा ख्रिस्ताच्या नावे अर्पण केलेले असते. चर्चशी जोडलेल्या स्थानिक समुदायाला वसईच्या ख्रिस्ती मराठीत ‘धर्मग्राम’ म्हणतात. ज्या संताचे नाव चर्चला असते, तो त्या धर्मग्रामाचा पालकसंत. ग्रामदैवताच्या जत्रेशी आपण परिचित आहात. पालकसंताचा सण गावाच्या जीवनात तसेच स्थान मिळवतो. मात्र संताची उपासना होत नाही; त्याच्याकडे मध्यस्थीची याचना केली जाते, हा भेद ध्यानात ठेवावा.

२. चरित्र

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. तरुणपणी ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि काही काळ व्यापारही केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते धर्मबंधू झाले. 1593मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते दुभाषी म्हणून जपानला परतले. हिदेयोशीच्या आज्ञेने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रूसावर मारण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. 1627मध्ये त्यांना ‘धन्य’ आणि 1862मध्ये ‘संत’ घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत.

३. एक नाव, दोन अर्थ

वसई परिसरात गास येथील चर्च या संताच्या नावे आहे. येथे हे नाव ‘आपल्या मातीतला संत’ असा अर्थ धारण करते.

आता ब्राझीलकडे वळू. तेथे युरोपीय आणि आफ्रिकी वंशांच्या मिश्रणातून आलेल्या लोकांना ‘पार्दो’ म्हणत. वसाहतीच्या समाजरचनेत त्यांचे स्थान दुय्यम होते. 1745मध्ये रेसिफे येथील पार्दोंनी गोन्सालोंचा मोठा उत्सव केला. आशियाई आईचा हा पुत्र खरोखर पार्दो ठरतो काय, अशी शंका निघाली, तेव्हा जाबोआताव या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने प्रवचनात त्यांना ‘त्यांच्या वर्णाचा संत’ म्हणून गौरविले. वाद वरवर वंशाचा होता. पणाला लागली होती ती माणसांची प्रतिष्ठा. आपल्यासारखा मनुष्य वेदीवर पूज्य मानला जात असेल, तर आपल्याला हीन कसे लेखता येईल, हा त्यामागील प्रश्न होता. रोमने ‘संत’ म्हणण्यापूर्वी शतकभर आधीची ही घटना आहे. पेनेदो येथील चर्चच्या नावात तर गोन्सालोंबरोबर ‘पार्दो जनांचे’ हे शब्दही आहेत.

४. अभ्यासातील सावधगिरी

केवळ नावावरून निष्कर्ष काढू नये. रिओजवळील ‘साव गोन्सालो’ हे शहर पोर्तुगालमधील आमारांतेच्या गोन्सालो या वेगळ्या संताच्या नावे आहे. तसेच पार्दोंची चर्चे बहुधा बंधुसंघांनी उभारली. त्या सर्वांना धर्मग्राम समजू नये.

५. समारोप

संताचे चरित्र एकच असले, तरी त्याचे नाव स्वीकारणारा समाज त्यात आपला अर्थ भरतो. वसईला त्यात जन्मभूमी दिसली, ब्राझीलच्या पार्दोंना आत्मसन्मान.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ग्रामदैवत आणि पालकसंत यांतील साम्यभेद लिहा.
२. 1745च्या वादात नेमके काय पणाला लागले होते?
३. आपल्या परिसरातील एखाद्या श्रद्धास्थानाच्या नावामागील इतिहास ज्येष्ठांना विचारून दहा ओळींत लिहा.