वडीलधाऱ्यांची घरपट्टी आणि मिळू शकणारी सवलत

पीक घरी आले म्हणजे देणी भागविण्याचा काळ येतो. सोसायटीचा हप्ता आणि घरपट्टी ही त्यांतील नित्याची देणी होत. घरातील वृद्ध माणसे घरपट्टीचे बिल मुकाट्याने भरतात. प्रसंगी त्यासाठी शेळीही विकतात. यात आपल्याला काही माफी आहे काय, हे विचारण्याचे त्यांना सुचत नाही. ते विचारणे घरातील शिकलेल्या मुलांचे आणि ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

कर कोण आकारतो?
प्रथम बिल कोणाचे आहे ते पाहावे. कुपवाड १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेत समाविष्ट आहे. तेथे मालमत्ता कर महानगरपालिका आकारते. आसपासच्या खेड्यांत हा कर १९५८ च्या कायद्यानुसार ग्रामपंचायत बसविते. अर्ज ज्या त्या कार्यालयातच करावा.

माफी कोणास?
आपल्या सातारा-सांगली भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नी यांच्यासाठी मालमत्ता करमाफीची योजना केली. ही माफी एकाच मालमत्तेस मिळते. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. केवळ वय झाले म्हणून कर माफ होईल, असे मात्र गृहीत धरू नये. पाणीपट्टीचा हिशेबही निराळा ठेवावा.

अडचण कोठे येते?
समजा, एका आजींचे पती सैन्यात होते व ते निवर्तले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, घर अद्याप पतीच्याच नावे आहे. अशा वेळी मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे देऊन आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी; मगच माफीचा अर्ज करावा. अर्जाची पोच अवश्य घ्यावी व जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. आकारणीच चुकीची वाटल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते.

ज्यांना ही माफी लागू नाही, अशा ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेची चौकशी करावी. तिचे साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले.

बोलण्याची रीत
वृद्धांच्या हातून कागद ओढून घेऊ नये. त्यांच्याजवळ बसून बिल मोठ्याने वाचावे, अर्थ सांगावा व त्यांच्या संमतीनेच अर्ज लिहावा. "सरकारपुढे हात पसरायचा नाही," असे अनेक जण म्हणतात. त्यांना समजावून द्यावे की, ही भीक नव्हे. केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. मात्र हा हक्क अर्जावाचून पदरी पडत नाही. म्हणून पुढील बिल येण्यापूर्वीच आपल्या घरातील व आळीतील वृद्धांची चौकशी करावी.