मालाची गाडी : मिस्त्रीचा सल्ला कुठे, आपला हात कुठे?

कापडाचा ताका हाताला लागला की सूत कसे, कांजी किती, हे आपण व्यापारी सांगू शकतो. पण गाडीचे इंजिन समोर आले की मिस्त्री म्हणेल ते खरे मानतो. आमचेही तसेच होते.

२०११ साली इचलकरंजीचा माल आणायला आमची ओम्नी पुण्याहून निघाली. खंबाटकी घाट चढताना इंजिन तापले. थांबत, पाणी घालत गाडी परत आणली. नेहमीचा मिस्त्री म्हणाला, "शेठ, हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." खर्च अठरा हजार! आम्ही होकार देणारच होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, एकदा नाना पेठेत विचारू." तिथे स्पेअर पार्टच्या बाजारात एक बुजुर्ग मिस्त्री भेटले. त्यांनी आधी ऑइल पाहिले. गॅस्केट गेले असते तर बहुधा पाणी मिसळून ऑइल दुधी झाले असते; ते स्वच्छ होते. मग त्यांनी रेडिएटरचे झाकण दाखवले. रबर चिरले होते. हे झाकण आतले पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून ते शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण निकामी झाले की चढावर पाणी उकळून बाहेर जाते. सव्वाशे रुपयांत काम झाले.

पहिला मिस्त्री लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने तपासले नाही आणि आम्ही "कशावरून?" असे विचारले नाही. (काउंटरवरून "रंग जाणार नाही" असे आपणही किती सहज सांगतो!)

तेव्हापासून ऑइलची पट्टी, कूलंट, टायरची हवा आणि एअर फिल्टर आम्ही स्वतः पाहतो, तेही सकाळी, इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास वाफेने हात-तोंड भाजते.

ब्रेकला मात्र आम्ही हात लावत नाही. ब्रेक ऑइल कमी दिसले की वरून भरायचे, ही देखभाल नव्हे. पॅड झिजले किंवा गळती असली की पातळी उतरते. वरून भरले की ती खूण झाकली जाते. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा धरलेले ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. मग भरलेली गाडी घाट उतरताना पेडल नुसतेच खाली बसते. इथे मजुरी वाचवू नये.

मोठे काम निघाले तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवावे, काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आमच्या हिशेबाच्या वहीत आता गाडीचे एक पान असते : तारीख, किलोमीटर, काय बदलले. आम्ही ते उर्दूत लिहितो. मिस्त्रीला वाचता येत नाही, म्हणून तो जरा कुरकुरतो.