सायकलीचे कोळपे

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटाच्या पठारावर पसरलेला आहे. मांजरा, तेरणा, सीना या नद्या या मुलखाला लाभल्या आहेत खऱ्या. परंतु उन्हाळा लागताच त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. त्यामुळे येथील कोरडवाहू शेतकऱ्याची सारी भिस्त मृगापासून पुढे पडणाऱ्या पावसावर असते. तो पाऊसही लहरी. पडला तर चार दिवस एकसारखा पडेल, आणि दडी मारली तर तीन तीन आठवडे तोंड दाखवणार नाही.

पेरणी होऊन सोयाबीन, उडीद, तूर यांची रोपे वितभर वर आली, की त्यांच्या जोडीला तणही माजू लागते. रोपाला जे अन्न आणि जी ओल हवी, तीच तणालाही हवी असते. आणि ती मिळवण्याच्या चढाओढीत तण बहुधा पुढेच राहते. म्हणून पिकाच्या दोन ओळींमधून कोळपे चालवून तण मुळासकट कापून काढावे लागते. यालाच कोळपणी म्हणतात. कोळपणीचा आणखीही एक उपयोग आहे. काळी जमीन वाळू लागली म्हणजे आकसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल वाफेच्या रूपाने उडून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत झाला, की भेगा बुजतात आणि ओल जमिनीतच राहते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण आपल्या शेतकऱ्यांनी उगीच केलेली नाही.

परंतु कोळपणीला वेळ साधावी लागते. माती फार ओली असेल तर ती पासेला चिकटते. फार वाळली तर पास आत शिरत नाही. या दोहोंच्या मधल्या अवस्थेला वाफसा म्हणतात, आणि तो थोडेच दिवस टिकतो. सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करतात. फुले लागल्यावर कोळपे घातले तर मुळांना इजा होते व फुले झडतात. म्हणजे जे करायचे ते त्या मोजक्या दिवसांतच करावयास हवे.

आता ज्याच्या गोठ्यात बैल नाहीत, त्याने काय करावे? बैलजोडी बाळगणे सोपे नाही. काम असो वा नसो, बैलांना वर्षाचे बाराही महिने वैरण लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील कित्येकांना आपली जनावरे छावणीत न्यावी लागली. कित्येकांनी ती विकून टाकली. एकदा दावणीचा बैल गेला, की तो पुन्हा घेणे दोन-तीन एकरांच्या धन्याला झेपत नाही. मग तो वारंगुळा करतो, किंवा भाड्याने औत मागतो. परंतु वाफसा सर्वांच्या शेतांत एकाच वेळी येतो! औतवाला आधी आपले रान उरकतो, मग आपल्या भावकीचे. आणि आपली पाळी येईपर्यंत एक तर वाफसा जातो, नाही तर पाऊस येतो. तण मात्र कोणासाठीही थांबत नाही.

या अडचणीतून जी एक साधी युक्ती निघाली, ती म्हणजे सायकलीचे कोळपे. आज मराठवाड्यात आणि खानदेश-विदर्भातही ते पुष्कळ ठिकाणी दिसते. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी असे एक कोळपे तयार केले. जड ओझे लादलेली सायकल हाताने ढकलत नेणारा माणूस पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्या औजाराला त्यांनी ‘कृषिराजा’ असे नाव दिले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची नोंद घेऊन त्यांचा गौरव केला.

भिसे यांनी पाहिले ते दृश्य तुम्हीही पाहिले असेल. धान्याचे पोते जमिनीवरून फरफटत नेऊ लागलो, तर दहा पावलांत दम लागतो. तेच पोते सायकलीवर ठेवले, की मैलभर सहज नेता येते. फरफटणाऱ्या वस्तूचे घर्षण मोठे, गडगडणाऱ्या चाकाचे अगदी थोडे. त्यातही सायकलीच्या तुंब्यात पोलादी छर्रे असतात. ते ग्रीसमध्ये फिरत राहिल्याने आसापाशी होणारे घर्षणही फारच कमी होते.

आणि ते चाक किती हलके! जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्या चाकात ४०. यांतील एकच तार हातात घेतली तर ती मुलालाही वाकवता येते. परंतु तीच तार दोन्ही टोकांना धरून ओढून तोडण्याचा प्रयत्न केला, तर पैलवानालाही ती दाद देणार नाही. चाकात ही प्रत्येक तार ताणून बसवलेली असते, आणि सर्व तारा मिळून धावेला चोहोंकडून सारख्या ओढून धरतात. एखादी तार सैल पडली, की चाक डुलू लागते. जाणता कारागीर तारांवर बोट छेडतो आणि आवाजावरून सैल तार कोणती ते ओळखतो. तुम्हीही घरच्या सायकलीवर हे करून पाहा. अशा चाकाचा ‘आउट’ काढणे हे सायकल-दुकानातील सर्वांत नाजूक काम होय. माझ्या मते तेथील कारागिराची खरी परीक्षा पंक्चर काढण्यात नाही, ती येथेच होते.

कोळप्यासाठी नवी सायकल कोणी मोडीत नाही. तालुक्याच्या गावी भंगाराच्या दुकानात गंजलेले सांगाडे, वाकडे चिमटे, आस झिजलेली चाके यांचा ढीग पडलेला असतो. सायकल दुरुस्त करणारे कारागीर अशाच ढिगातून एकीचा सांगाडा, दुसरीचा चिमटा, तिसरीची चाके निवडून एक धडकी सायकल उभी करतात. कोळप्याला तर तेवढेही लागत नाही. साखळी नको, पायटे नकोत, बैठक नको, मागचे चाकही नको. पुढचे चाक, चिमटा आणि हँडल एवढे मिळाले की पुरे.

चिमट्यापासून मागे दोन लोखंडी नळ्या किंवा पट्ट्या काढून त्यांना जोड देतात. त्यांच्या मागच्या टोकाला, कमरेच्या उंचीवर, हँडल बसवतात. चाकाच्या पाठीमागे, जमिनीलगत, एक आडवी पट्टी बसवून तिला पास जोडतात. या पट्टीला वरखाली अनेक भोके पाडलेली असतात, म्हणजे बोल्ट काढून पास हवी तेवढी वर किंवा खाली घेता येते. पासेसाठी पुष्कळदा मोटारीच्या कमानीचा मोडका पाटा वापरतात. लोहार तो भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून त्याला धार काढतो आणि मग त्याला पाणी देतो. पाणी नीट दिले नाही तर पास एक तर लगेच बोथट होते, नाही तर दगड लागताच तिचा तुकडा उडतो.

सारी मेख पासेच्या कलात आहे. ती फार उतरती बसवली, तर जमिनीत घुसतच जाते आणि कोळपे जागच्या जागी अडते. अगदी आडवी ठेवली, तर मातीवरून नुसती घसरते व तण जसेच्या तसे राहते. मग शेतकरी बांधावर बसून पान्याने बोल्ट सैल करतो, पास किंचित फिरवतो, दहा पावले चालवून पाहतो, पुन्हा फिरवतो. उंच माणसाचे कोळपे ठेंगण्याला सोयीचे पडत नाही. म्हणून हँडलही ज्याच्या त्याच्या मापाचे करून घ्यावे लागते. बाभळीच्या काट्यांपुढे हवेच्या ट्यूबचा निभाव लागत नाही. त्यासाठी कोणी टायरात चिंध्या कोंबतो, कोणी चाक उघड्या धावेवरच चालवतो.

या औजाराने कष्ट संपतात, असे मात्र समजू नका. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका एकरातील सर्व ओळींमधून एकदा जाण्यासाठी किती चालावे लागेल? गणित करून पाहा. उत्तर सुमारे ९ किलोमीटर येईल. तेही ढेकळांतून, औजार ढकलीत! शिवाय ओळीतल्या दोन रोपांच्या मधले तण पासेला लागत नाही. ते खुरप्यानेच काढावे लागते. नांगरणी तर याने मुळीच होत नाही. परंतु खुरपणीचे काम आजवर बहुतेक बायकाच, दिवसभर उकिडव्या बसून, करीत आल्या आहेत. त्या कामाचा मोठा वाटा उभ्याने उरकता येतो, आणि वाफसा असेल त्याच दिवशी उरकता येतो. ज्याच्या दाराशी बैल नाहीत, त्याला ही लहान गोष्ट नव्हे.

सायकल आणि दुष्काळ यांचे नाते तसे जुने आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याच्या धुरळ्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच पडला नाही आणि पिके बुडाली. १८१७ मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन द्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन तयार केले. त्याला पायटे नव्हते. पाय जमिनीला मारीत ते पळवायचे. दाणावैरण महागून घोडे पोसणे कठीण झाले, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असावी, असे काही इतिहासकार मानतात.

आपल्याकडेही सायकलीच्या दुकानातून शेतीची औजारे निघाली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे तेच लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करू लागले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्या, अशी हकीकत सांगतात.

आश्विनात सोयाबीनची रास घरी आली, की सायकलीच्या कोळप्याचे काम संपते. पास उतरवून, तिची माती खरवडून तिला तेलाचा हात देतात आणि ती आढ्याला खोचून ठेवतात. चाकाच्या छऱ्र्यांत ग्रीस भरतात. उरलेला सांगाडा गोठ्याच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि घरातली लहान मुले त्याचे चाक हाताने गरगरा फिरवून तारा मोजू लागतात.