सप्टेंबरचे गुण, मे महिन्याचा निकाल

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं छोटं गेम पार्लर आहे. तासावर पैसे, दोघांत एक टीव्ही, हरला तो उठला. दरवर्षी सप्टेंबरअखेरीच्या सुमारास ईए कंपनीचा फुटबॉलचा नवा गेम येतो, आधी ‘फिफा’ आणि आता ‘एफसी’ या नावानं. तो दुकानात पोचायच्या आधीच परदेशी समीक्षकांचे आकडे पोरांच्या फोनवर येऊन पडलेले असतात. कुणी दहापैकी सात दिलेले, कुणी आठ. त्या आकड्यांवर विसंबून सीडी घ्यायची की नाही, याबद्दल गल्ल्यावर बसून जे कळलं ते लिहितो.

१. समीक्षण कोणत्या मशीनवरचं आहे, ते आधी बघावं.

२०२१ मध्ये फिफा २२ आला तेव्हा जिकडेतिकडे ‘हायपरमोशन’चं कौतुक. बावीस खेळाडूंना सेन्सरचे सूट चढवून पूर्ण मॅच खेळायला लावली होती आणि त्यांच्या हालचाली गेममध्ये उतरवल्या होत्या. वाचून पोरं हरखली. पण ही करामत होती पीएस ५ आणि नव्या एक्सबॉक्ससारख्या मशीनवर. पीएस ४ ला ती नव्हती, कॉम्प्युटरलाही नव्हती. आणि आमच्यासारखी पार्लरं तेव्हा चालत होती ती पीएस ४ वर. म्हणजे कौतुक एका गेमचं आणि सीडी दुसऱ्याची, वर नाव दोन्हींचं एकच.

निन्टेंडो स्विचवाल्यांची तर याहून कठीण अवस्था. त्यांना ‘लेगसी एडिशन’ मिळायची, म्हणजे जुनाच गेम, संघ आणि जर्सी तेवढ्या नव्या. फिफा २१ च्या वेळी आयजीएनने तिला दहापैकी दोन गुण दिले आणि समीक्षण म्हणून आदल्या वर्षीचाच मजकूर पुन्हा छापला. गेम तोच असेल तर लेख तरी नवा कशाला लिहायचा? इतकं चोख समीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही.

२. हरलेल्याचं मत त्याच संध्याकाळी धरू नये.

नवी सीडी लागली की पहिला अर्धा तास कुणी खेळतच नाही. आधी चेहरे बघायचे, कुणाची दाढी जमलीय, कुणाची नाही. कुणाचं रेटिंग एका आकड्यानं घसरलं यावर भांडायचं. मग मॅच. पहिला गोल बसला की, “काय बे, कीपर झोपला का?” दुसरा बसला की रिमोटचं बटण अडकतंय. तिसऱ्याला गेमच बेकार असतो आणि कंपनी मुद्दाम हरवत असते. जिंकणाऱ्याला मात्र यंदाचं पासिंग एकदम मक्खन वाटतं. दोघं एकाच सोफ्यावर, एकाच सीडीवर.

हा ‘मुद्दाम हरवण्या’चा संशय काही सोलापूरपुरता नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात यावरून ईएवर दावा दाखल झाला होता. असं काही गेममध्ये नाही, असं कंपनीनं सांगितलं आणि २०२१ मध्ये दावा मागे घेतला गेला. आमच्या दुकानात तो खटला रोज संध्याकाळी पुन्हा उभा राहतो.

३. समीक्षक ज्यावर सगळ्यात जास्त चिडतो, ते आपल्याकडे चालतं का, हे विचारावं.

समीक्षणाचा बराचसा भाग ‘अल्टिमेट टीम’वर खर्ची पडतो. खरे पैसे भरून बंद पाकिटं घ्यायची आणि आत कोण खेळाडू निघतो ते नशिबावर. टीका रास्तच आहे. बेल्जियममध्ये जुगाराच्या कायद्याचा बडगा आल्यावर २०१९ मध्ये कंपनीला तिथं या पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं थांबवावं लागलं. ज्याच्या घरी कन्सोल आहे, त्याच्या बापानं हा भाग जरूर वाचावा.

पार्लरमध्ये मात्र ते कुणी खेळत नाही. इथं ‘किक ऑफ’, संघ निवडा आणि सुरू करा. आम्हाला टोचतं ते वेगळंच. मॅच सुरू होईपर्यंत किती स्क्रीन ओलांडाव्या लागतात? तो वेळ गिऱ्हाइकाच्या तासातून जातो आणि तो मिनिटं मोजत बसलेला असतो. जाहिरातीच्या पाट्या आणि ‘पुढे जा’ची बटणं यांना कुणी गुण दिलेले मी पाहिले नाहीत.

४. आपल्या बातमीला परदेशी समीक्षणात जागा नसते.

फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीग आली. त्याच वर्षी विजेती ठरलेली मुंबई सिटी आमच्या पडद्यावर उतरली. समीक्षणांत यावर एखादी ओळ सापडली तरी नशीब. पोरांनी मात्र पहिल्या संध्याकाळी मुंबईशिवाय दुसरा संघ घेतला नाही. मग कुणीतरी समोर मँचेस्टर सिटी घेतली. दोन्ही क्लबांचा मालक गट तेव्हा एकच, पण रेटिंगमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा रेआल माद्रिदकडे. इंजिनिअरिंगला आलेला एक कोल्हापूरकर येतो. तो दरवर्षी तोंड गंभीर करून आपल्या गावच्या फुटबॉल संघाबद्दल विचारतो, “यंदा तरी पाटाकडील तालीम घातलीय का?”

५. सप्टेंबरचे गुण मे महिन्यात बदलतात.

समीक्षण लिहिलं जातं ते पहिल्या आठवड्यातल्या गेमवर. पुढं एकामागून एक अपडेट येतात. पासचा वेग, कीपर, हेडर सगळं हलतं. आमच्याकडे तर सप्टेंबर-ऑक्टोबरात नवरात्र, मग कोजागिरीला निम्मं गाव पायी तुळजापूरला. धंदा खरा एप्रिल-मेचा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, शाळा-कॉलेजला सुट्टी, आत कूलर. तोवर तीन-चार हजारांची चीज निम्म्याखाली आलेली असते. फिफा २२ आणि एफसी २४ तर आल्यानंतरच्याच मे महिन्यात प्लेस्टेशनच्या ‘पीएस प्लस’ वर्गणीदारांना वेगळे पैसे न घेता दिले गेले. घाई करणाऱ्यानं तेवढी गंमत मोजून घ्यावी.

उलटंही घडतं. कोनामी कंपनीनं आपला ‘पेस’ हा फुटबॉल गेम बंद करून ३० सप्टेंबर २०२१ ला ईफुटबॉल आणला. चेहरे इतके वेडेवाकडे की जगभर हसं झालं; स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर तो सगळ्यात वाईट शेऱ्यांच्या गेममध्ये जाऊन बसला. कंपनीनं माफी मागितली, पुढच्या एप्रिलमध्ये सुधारलेली आवृत्ती काढली. आज माझ्या दारातल्या कट्ट्यावर नंबर लागायची वाट बघत बसलेली पोरं फोनवर खेळतात तो बहुतेक हाच. फुकट आहे ना.

६. जुन्या सीडीचा भाव बघावा.

जीटीए ५ ची जुनी सीडी आजही हातोहात जाते. फिफा २१ कुणी फुकटसुद्धा नेत नाही. याला एकच अपवाद, फिफा २३. फिफाचं नाव असलेला ईएचा हा शेवटचा गेम. फिफा संघटनेशी असलेला करार संपला, सप्टेंबर २०२३ मध्ये जुने फिफा ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले गेले आणि एफसी २४ आला. शिवाय कतारचा वर्ल्ड कप त्यात आहे, म्हणून अर्जेंटिनावाले अजून तीच लावायला सांगतात. दोघांनी ती विकत मागितली. दिली नाही, तासाला चालते तोवर चालू दे.