मे-माशी आणि नव्या जातीची पारख

निसर्गाभ्यासाच्या तासास एखादा विद्यार्थी अनोळखी किडा घेऊन येतो आणि ‘गुरुजी, हा नवीनच आहे का?’ असे विचारतो. शास्त्रज्ञ या प्रश्नाचा निर्णय कसा करतात, हे शिक्षकास ठाऊक असावे. त्यासाठी मे-माशीचे उदाहरण घेऊ.

मे-माशीचे अर्भक, म्हणजे पंख न फुटलेले पिलू, पाण्यात वाढते. डोंगरातील वाहत्या ओढ्यात दगड उलटला असता ते खालच्या अंगास चिकटलेले आढळते. पोटाच्या दोन्ही कडांस पानांसारखे अथवा तंतूंसारखे कल्ले, बहुधा तीन शेपट्या आणि प्रत्येक पायाच्या टोकास एकच नखी, ही त्याची खूण. प्रौढ माशी काही खात नाही. तिचे आयुष्य काही तासांचे, फार तर थोड्या दिवसांचे. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा आजच्या कीटकांत हा एकच गण होय. माळशिरस तालुका सपाटीचा व पर्जन्यछायेतील खरा. परंतु नीरा सह्याद्रीतूनच येते, आणि या गणातील काही जाती तळ्याच्या संथ पाण्यातही राहतात.

किडा आपणांस अपरिचित आहे, एवढ्यावरून तो नवा ठरत नाही. जगात मे-माश्यांच्या ३,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. अभ्यासकास प्रथम जवळच्या जातींची प्रसिद्ध वर्णने वाचावी लागतात, शक्य तेथे संग्रहालयांतील मूळ नमुने पाहावे लागतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जबड्याचे भाग, नखीवरील दाते व कल्ल्यांचा आकार यांची तुलना होते. शेपट्या व कल्ले सहज तुटतात, वयानुसारही रूप पालटते. म्हणून शक्यतो अनेक नमुने तपासावे लागतात. भेद कायम दिसला, तर एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून जतन करतात आणि द्विपदी नावासह वर्णन प्रसिद्ध करतात. प्रसिद्धीवाचून नाव ग्राह्य होत नाही.

नावात पुष्कळदा गावच येते. तमिळनाडूतील कुर्तालमच्या मे-माशीस के. जी. शिवरामकृष्णन यांनी १९८४ मध्ये ‘पीटरसुला कोर्टालेन्सिस’ हे नाव दिले. आपल्या राज्यात सावंतवाडी तालुक्यातील चौकुळ गावावरून २०२२ मध्ये एका चतुराचे नाव ‘बर्मागोम्फस चौकुलेन्सिस’ असे ठेवले गेले. चतुराचे अर्भकही पाण्यातच वाढते.

एखादी जात मोजक्या ओढ्यांपुरतीच असू शकते. पाणी आटले, वाळू उपसली गेली अथवा फवारणीचे विष उतरले, तर नाव मिळण्यापूर्वीच ती नाहीशी होईल. तेथे ती होती, हे नंतर नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवरूनच कळेल. स्थळ, दिनांक व गोळा करणाराचे नाव नसलेली बाटली अभ्यासकाच्या फारशी कामाची नाही; आमच्या शाळांतील कपाटांत अशाच बाटल्या अधिक असतात.

पाठासाठी पांढरी थाळी, चहाची गाळणी व भिंग पुरे. कालव्याच्या धारेत मुलांस कदापि उतरवू नये; तळ्याचा उथळ काठ पाहावा. अर्भके थाळीत पाहून, त्यांची चित्रे काढून पुन्हा पाण्यात सोडावीत. एखादे मेलेले आढळल्यास मद्यार्कात ठेवावे आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आतच घालावी. शाईची अक्षरे मद्यार्कात विरघळतात.