‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याचा रविवार

अगं, आधी ते मनाला लावून घेणं सोड बघू. रविवारी इडलीचं तयार पीठ आणलं की सासूबाईंसमोर पिशवी लपवावीशी वाटते म्हणालीस, तेव्हा मला हसूच आलं. मीही एके काळी गुलाबजामचं रिकामं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी सारायची. पाहुण्यांनी कृती विचारली की ‘अंदाजानंच घालते हो सगळं’ म्हणून वेळ मारून न्यायची!

खरं सांगू का, आपल्या घरात तयार जिन्नस कधी नव्हते? मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सांडगे, कुरडया हे सगळं आजी-पणजींनी ऐनवेळी हाताशी असावं म्हणूनच डबे भरभरून ठेवलं. फक्त तेव्हा उन्हाळ्यात चार जणी जमायच्या. आता त्या चौघी नोकरीवर असतात आणि वाळवणाला अंगण नाही. म्हणून लिज्जतचा पापड आणतोच ना आपण? १९५९ साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तो पापड भाजताना आपण घरकाम चुकवलं असं कुणाच्या मनातही येत नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राचंही तेच. तिथल्या मावशींचं घर चालतं आणि तुझी कंबर वाचते.

आणि सासूबाईंना सरळ सांग गं. घरात पहिल्यांदा मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंट्यावरून त्यांच्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या, ते एकदा विचार. गप्पांत सकाळ जाईल.

मात्र डोळे झाकून काहीही उचलू नकोस. पाकिटाची मागची बाजू वाच. त्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पालक पनीरमध्ये पनीर कितव्या नंबरावर आहे हे पाहिलं की आपण पैसे कशाचे मोजतोय ते कळतं. मीठ ‘सोडियम’ म्हणून लिहितात, त्याला अडीचनं गुणायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. घरात बीपीची गोळी चालू असेल तर हे गणित विसरू नकोस. नूडल्सचा मसाला अर्धाच घाल, वर मूठभर मटार नि गाजर टाक. इडलीचं पीठ फ्रीजमध्येही हळूहळू आंबत राहतं, तेव्हा पहिल्या दिवशी इडली आणि मग कांदा-मिरची घालून उत्तप्पे. सीलबंद तयार भाजीची जाड पाकिटं फ्रीजबाहेर टिकतात म्हणून घाबरू नकोस. ती सील केल्यावर पाण्याच्या उकळीपेक्षाही जास्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असतात. फोडलं की मात्र घरच्या भाजीसारखंच वागवायचं, उरलं तर फ्रीजमध्ये आणि लवकर संपवायचं.

एवढं सगळं करूनही तू दमतेस, नाही का? कारण बघ, पाकिटानं हात मोकळे होतात, डोकं नाही. उद्या काय करायचं, दही विरजलंय का, धाकट्याला तिखट चालेल का, हे सगळं तुझ्याच डोक्यात फिरत असतं. नवऱ्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं, ‘काहीही कर.’ आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालायचं. आणि ते ‘काहीही’ ताटात पडलं की चेहरा बघावा!

आमचे हे मदत करत नव्हते असं नाही हं. कांदा चिरून द्यायचे. पण उभा की बारीक, किती, सुरी कुठाय, सालं कुठे टाकू, असं विचारत विचारत. कांदा त्यांचा, विचार माझाच. शेवटी मी मदत घेणंच बंद केलं आणि रविवारची रात्र अख्खी त्यांना देऊन टाकली. काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसेपर्यंत सगळं त्यांचं. पहिल्या रविवारी पाकिटातली दालखिचडी झाली, पापड एका बाजूनं काळा. मी दोन वेळा वाढून घेतली.

तुझं पथ्य यात अवघड आहे, आधीच सांगते. हिंग सापडत नाही म्हणून हाक आली तरी उठायचं नाही; त्यापेक्षा डब्यांवर नावं चिकटवून ठेव. डोकवायचं नाही, मीठ कमी पडलं तर मुकाट्यानं वरून घ्यायचं. इतक्या वर्षांच्या संसारात तुझा नवरा आळशी झाला असेल, नाही कसं! पण ‘राहू दे, मीच करते, पटकन होईल’ हे तूही कितीदा म्हणालीस ते आठव. ते पटकन होणं थोडं सोडावं लागतं, बाई. एखाद्या रविवारी जेवायला दहा वाजतील. मुलं तोवर चिवडा खातील आणि काही बिघडणार नाही.

या शनिवारी यादी करूच नकोस. त्याला सांग, ‘उद्या रात्रीचं तुझ्याकडे.’ तो लगेच विचारेल, ‘काहीही चालेल ना?’ तू ‘हो’ म्हण, आणि मग खरंच चालवून घे.